अक्षरे तीच, कूळ निराळे

मोर्चा काढला, पोलिसांनी धरून नेले, कोर्टापुढे उभे केले आणि संध्याकाळी ‘जातमुचलक्यावर’ सोडून दिले, हा अनुभव आपल्या चळवळीतल्या हजारो कार्यकर्त्यांना आहे. पण या शब्दातील ‘जात’ कोणती, असा प्रश्न विचारला तर पुष्कळांचे उत्तर चुकते. अनेकांना वाटते की, त्या कागदावर आरोपीची जात लिहून घेतात म्हणून तो जातमुचलका. प्रत्यक्षात त्या कागदाचा जातीशी सुतराम संबंध नाही. ‘जात’ म्हणजे तेथे ‘स्वतः’. दुसऱ्या कोणाची हमी न घेता, स्वतःच्याच हमीवर लिहून दिलेला मुचलका, तो जातमुचलका.

मग ही दुसरी ‘जात’ आली कोठून? ती अरबीतून फारसीत आणि फारसीतून मराठीत आली. अरबीत ‘ज़ात’ म्हणजे माणसाचे स्वत्व, त्याची स्वतःची व्यक्ती. मोगलांच्या मनसबदारीत प्रत्येक सरदाराला ‘जात’ आणि ‘सवार’ असे दोन आकडे दिलेले असत. त्यातला ‘जात’ हा त्याचा व्यक्तिगत दर्जा होता, आणि ‘सवार’ हा त्याने ठेवावयाच्या घोडेस्वारांशी निगडित असे. आपण आजही म्हणतो, ‘साहेबांनी जातीने लक्ष घातले’, ‘पाटील जातीनिशी हजर राहिले’. येथे जातीने म्हणजे स्वतः, जातीनिशी म्हणजे खुद्द. साहेबांच्या जातीचा त्यात काही प्रश्न नाही.

उलट जातपंचायत, जातपडताळणी, जातवैधता प्रमाणपत्र या शब्दांतली ‘जात’ ही आपल्या ओळखीची जात. ती ‘जाति’ या शब्दापासून आली आणि ‘जाति’ आली ‘जन्’ या धातूपासून. जन् म्हणजे जन्मणे. पालीतही ‘जाति’ शब्दाचा पहिला अर्थ जन्म हाच आहे. म्हणून पटिच्चसमुप्पादाच्या साखळीत ‘जाति’ येते तेव्हा तेथे जातिव्यवस्था असा अर्थ घ्यावयाचा नसतो, जन्म असा घ्यावयाचा असतो. धम्मवर्गात नव्याने येणाऱ्या मुलांना हे आवर्जून सांगितले पाहिजे.

अशा रीतीने एकाच अक्षरांचे हे दोन शब्द. एक भारतीय भाषांच्या कुळातला, दुसरा अरबी. या दोन भाषाकुळांचे एकमेकांशी नाते नाही. दोन वेगळ्या गावांहून निघालेले दोन वाटसरू मराठीच्या धर्मशाळेत एकाच रात्री उतरावेत आणि दोघांचे नाव एकच निघावे, तसे हे झाले आहे.

‘जी जात नाही ती जात’

अजून एक तिसरी ‘जात’ आहे. ‘तो गावाला जात आहे’ यातली. तिचे मूळ ‘या’ म्हणजे जाणे हा धातू. प्राकृतात ‘य’ चा ‘ज’ झाला आणि ‘याति’ चे ‘जाइ’ झाले. आपण ‘यात्रा’ ची ‘जत्रा’ केली ती याच वाटेने. तेव्हा जन्माची ‘जात’ आणि जाण्याची ‘जात’ यांचेही एकमेकींशी काही नाते नाही.

हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे की, ‘जी जात नाही ती जात’ हे वाक्य आपण सभांतून, लग्नाच्या बोलण्यांतून, कचेऱ्यांतून शंभरदा ऐकतो. कोटी म्हणून ती चांगलीच आहे. ऐकणारे हसतात. पण हळूहळू ही कोटी व्युत्पत्तीच्या थाटात सांगितली जाते. जणू शब्दातच लिहून ठेवले आहे की, ही वस्तू कधी जावयाची नाही! एखादा तरुण आंतरजातीय विवाहाचा विषय काढतो आणि घरातले वडीलधारे मान हलवून हेच वाक्य त्याच्या तोंडावर मारतात. म्हणजे ज्या गोष्टीचा विचार करावयाचा ती गोष्ट एका शब्दखेळाने निकालात निघते.

वाचकहो, शब्दात तसे काहीही लिहिलेले नाही. लिहिलेले आहे ते एवढेच की, जात जन्मावर बसवलेली आहे. आणि जन्मावरून माणसाची किंमत ठरत नाही, कर्मावरून ठरते, हे तथागतांनी वसलसुत्तात स्पष्ट सांगितले आहे. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात भारतातील जातींवर निबंध वाचला तेव्हा जातीची घडण कशी झाली याची कारणे शोधली, आणि १९३६ साली तिच्या निर्मूलनाचा ग्रंथ लिहिला. जी वस्तू माणसांनी घडवली ती माणसे मोडू शकतात, हा त्या विचाराचा पाया आहे. ‘जात नाही’ ही कोटी त्या पायावरच घाव घालते.

इंग्रजीतही हीच गंमत आहे. ‘कास्ट सर्टिफिकेट’ मधला कास्ट हा पोर्तुगीज ‘कास्ता’ पासून आला. कास्ता म्हणजे वंश, वाण. पोर्तुगीज लोक हिंदुस्थानात आले आणि येथली समाजरचना पाहून त्यांनी तिला आपला हा शब्द लावला. नाटकाच्या जाहिरातीतला ‘कास्ट’ किंवा ‘कास्ट आयर्न’ मधला कास्ट मात्र उत्तर युरोपातल्या जुन्या नॉर्स भाषेतून इंग्रजीत आला. त्याचा मूळ अर्थ फेकणे. इंग्रजीत या दोहोंच्या लिहिण्यात एका अक्षराचा फरक राहतो. देवनागरीत तोही उरत नाही.

दूरदेशीचे योगायोग

असे योगायोग जगभर आहेत. फारसीत ‘बद’ म्हणजे वाईट. आपण बदनाम, बदसूर, बदफैली हे शब्द तेथूनच घेतले. इंग्रजीतही ‘बॅड’ म्हणजे वाईट. रोमन लिपीत दोन्ही शब्द तंतोतंत सारखे लिहितात, आणि अर्थही तोच. कोणीही शपथेवर सांगेल की, एकाने दुसऱ्याकडून उचलला. पण फारसी शब्दाचे जुने रूप पाहिले तर ते ‘वद’ असे होते. म्हणजे जसजसे मागे जावे तसतसे हे दोन शब्द जवळ येण्याऐवजी दूर जातात. ज्यांचे खरोखर रक्ताचे नाते असते ते मागे जाताना जवळ आले पाहिजेत.

त्याहून नवलाची हकिकत ऑस्ट्रेलियातली आहे. तेथल्या ईशान्य क्वीन्सलंडमध्ये म्बाबरम नावाची आदिवासींची भाषा होती. १९६० च्या दशकात भाषाशास्त्रज्ञ आर. एम. डब्ल्यू. डिक्सन हे ती भाषा जाणणारे वृद्ध गृहस्थ अल्बर्ट बेनेट यांच्याकडे गेले. कुत्र्याला तुमच्या भाषेत काय म्हणतात, असे विचारल्यावर उत्तर मिळाले, ‘डॉग’! इंग्रजी शब्दच सांगत आहेत असे कोणालाही वाटले असते. पण शेजारच्या यिदिञ भाषेत कुत्र्याला ‘गुडागा’ म्हणतात. म्बाबरम भाषेत शब्दाचा पहिला भाग गळून पडण्याची आणि उरलेले स्वर बदलण्याची रीतच होती, आणि ती इतर शब्दांतही दिसते. त्या रीतीने ‘गुडागा’ चा ‘डॉग’ झाला. गोऱ्यांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. शब्दाचे घराणे ठरवावयाचे तर त्याचे शेजारीपाजारी आणि भावंडे पाहावी लागतात, नुसता चेहरा पाहून चालत नाही, हा त्यातला धडा.

आपल्या देशातही दूर जावयास नको. ‘ऊर भरून आला’ असे आपण म्हणतो. तो ऊर म्हणजे छाती, संस्कृतातला ‘उरस्’. तमिळमध्ये ‘ऊर’ म्हणजे गाव. मराठी ही एका भाषाकुळातली, तमिळ द्राविडी कुळातली. या दोन शब्दांचा काही संबंध नाही. पण तमिळनाडूच्या खेड्यात या ऊरला एक जोडीदार शब्द आहे, तो म्हणजे ‘चेरी’. ऊर म्हणजे सवर्णांचे मूळ गाव आणि चेरी म्हणजे गावाबाहेरची दलितांची वस्ती. आपल्याकडे गाव आणि गावकुसाबाहेरचा वाडा, तसे तेथे ऊर आणि चेरी. हा शब्द मुळात नुसत्या वस्तीचा आहे. ‘पुदुच्चेरी’ म्हणजे नवी वस्ती, यातली चेरी तीच. माणसांनी माणसांना बाहेर ठेवले आणि एका साध्या शब्दाला शिवाशिवीचा वास आला.

आता हीच ‘चेरी’ आपल्या मुलांना केकवरचे लाल फळ म्हणून माहीत असते. ते नाव ग्रीकमधून लॅटिन, लॅटिनमधून फ्रेंच आणि तेथून इंग्रजी असा प्रवास करून आले. जुन्या हिंदी काव्यात ‘चेरी’ म्हणजे दासी, ती ‘चेटी’ पासून झाली. एक फळ, एक दासी आणि एक दलित वस्ती! अक्षरे तीच, पण तिघींची कुळे तीन.

असे का होते? कारण साधे आहे. माणसाच्या तोंडातून निघणारे ध्वनी मोजके. बहुतेक भाषा काही डझन ध्वनींवर आपला संसार चालवतात. शब्द मात्र हजारो लागतात. दोन-तीन ध्वनींचे लहान शब्द जगातल्या हजारो भाषांत परत परत सारखे निघणारच. न निघते तरच आश्चर्य!

चेहरा वेगळा, रक्त एक

याच्या उलटही घडते. जपानी ‘झेन’ आणि आपले ‘ध्यान’ यांच्यात एक अक्षर तरी सारखे ऐकू येते का? पण ध्यान म्हणजेच पालीतले ‘झान’ चीनमध्ये जाऊन ‘चान’ झाले आणि जपानमध्ये ‘झेन’ झाले. फारसीत मूर्तीला ‘बुत’ म्हणतात. तो शब्द ‘बुद्ध’ या नावावरून झाला आहे. मध्य आशियात मूर्ती म्हटली की बुद्धाचीच, एवढा तेथे धम्माचा प्रसार होता. बाबासाहेबांनी आपल्या लिखाणात याकडे लक्ष वेधले आहे. ‘बिहार’ चे नाव तर ‘विहारा’ वरूनच पडले.

म्हणजे सारखे दिसतात म्हणून एक समजू नये, आणि वेगळे दिसतात म्हणून परके समजू नये. चेहऱ्यावरून ना शब्दाचे नाते ठरते, ना माणसाचे.

व्युत्पत्तीचा चाबूक

हा नुसता विद्वानांचा खेळ असता तर या पानावर त्याची चर्चा केली नसती. पण शब्दांची खोटी फोड करून माणसांच्या पाठीवर ओझे लादण्याचे काम या देशात फार जुने आहे. ‘शूद्र’ शब्दाचेच पाहा. वेदान्तसूत्रांत त्याची फोड शोक आणि धावणे या दोन अर्थांच्या धातूंवरून केली आहे. ‘शुच्’ म्हणजे शोक करणे, ‘द्रु’ म्हणजे धावणे, म्हणून शोकाने धावतो तो शूद्र! वायुपुराणातही याच वळणाची फोड आहे. म्हणजे ज्याला रडवले त्याच्या नावातच रडणे होते, असे सांगून मोकळे व्हावयाचे.

१९४६ साली ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ या ग्रंथात बाबासाहेबांनी या फोडीचा समाचार घेतला. शूद्र हे मुळात एका लोकसमूहाचे विशेषनाम होते, अशी त्यांची मांडणी आहे. महाभारतातही शूद्र आणि आभीर ही नावे लोकसमूहांची म्हणून जोडीने येतात. विशेषनामाचे तुकडे पाडून त्यातून स्वभाव आणि नशीब काढावयाचे ठरवले तर कोणत्याही नावातून काहीही काढता येईल. ध्वनी जुळला की अर्थ जुळला, हे शास्त्र नव्हे.

मात्र हे हत्यार दुधारी आहे, हे आपणही विसरता कामा नये. आपल्यातलेही काही उत्साही बांधव एखाद्या गावाचे, देवाचे वा आडनावाचे नाव घेतात, त्यात एक पाली शब्द ऐकू आला की लगेच ते बौद्ध ठरवून टाकतात. काही ठिकाणी ते खरेही असते. लेणी, शिलालेख, जुनी रूपे असा पुरावा उभा राहतो तेव्हा छाती ठोकून सांगावे. पण नुसत्या ध्वनीवर इमारत उभारली तर पहिल्याच वादात ती कोसळते, आणि तिच्याबरोबर आपले खरे पुरावेही संशयात येतात. बाबासाहेबांनी आपल्याला पुराव्याने बोलावयास शिकवले आहे.

विहाराच्या भिंतीवरचा ‘दीप’

आता आपल्या अगदी जिव्हाळ्याच्या शब्दाकडे येऊ. ‘अत्त दीप भव’ हे शब्द आपल्या विहारांवर, लग्नपत्रिकांवर, घरांच्या दारांवर असतात. ‘स्वतःच स्वतःचा दिवा हो’ असा अर्थ आपण सांगतो. पण पालीत ‘दीप’ हे दोन शब्द आहेत. एक दीप म्हणजे दिवा. दुसरा दीप म्हणजे बेट. संस्कृतात बेटाला ‘द्वीप’ म्हणतात, म्हणजे ज्याच्या दोन्ही बाजूंना पाणी आहे ते. पालीत जोडाक्षरे सैल होतात. धर्म तेथे धम्म, कर्म तेथे कम्म, तसे द्वीप तेथे दीप. पाली संस्कृतातून निघाली असे येथे म्हणावयाचे नाही. दोन्ही बहिणी आहेत, आणि एकीकडे वेगळे राहिलेले दोन शब्द दुसरीकडे एकरूप झाले, एवढेच. ‘सुत्त’ चेही तसेच आहे. सुत्त म्हणजे सूत्र, आणि सुत्त म्हणजे झोपलेला!

बेटाचा ‘दीप’ आपल्या ओळखीचा आहे. जम्बुदीप हे नाव सम्राट अशोकाच्या लघुशिलालेखांत आहे. सिंहलच्या इतिहासग्रंथाचे नाव ‘दीपवंस’ आहे, म्हणजे बेटाचा इतिहास. गुजरातजवळच्या ‘दीव’ चे नावही द्वीपावरूनच आले.

मग भिंतीवरचा दीप कोणता? तथागतांनी हा उपदेश महापरिनिब्बानसुत्तात केला आहे. वैशालीजवळच्या बेलुव गावी त्यांचा अखेरचा वर्षावास होता. मोठ्या आजारातून ते नुकतेच उठले होते, आणि आता संघाचे पुढे काय, ही चिंता आनंदाच्या मनात होती. तेव्हा तथागतांनी ‘अत्तदीप’ होऊन राहावयास सांगितले, आणि त्याच्याच जोडीला स्वतःला व धम्मालाच शरणस्थान करावयास सांगितले. दीपाच्या शेजारी ‘शरण’ हा शब्द आहे, हे ध्यानात घ्यावे. पुरात सापडलेल्या माणसाला आसरा देते ते बेट. पाचव्या शतकातील अट्ठकथाकार बुद्धघोष यांनीही महासागरातील बेट असाच अर्थ दिला आहे. मध्य आशियातील तुर्फान येथे या सूत्राची संस्कृत हस्तलिखिते मिळाली, त्यांत सरळ ‘द्वीप’ हा शब्द आहे. धम्मपदाच्या अप्पमादवग्गात तर पुराच्या लोंढ्याने बुडणार नाही असा दीप शहाण्या माणसाने उभारावा असे म्हटले आहे. पुराने बुडावयाचे ते बेट, दिवा नव्हे. आणि त्याच धम्मपदात जरावग्गात अंधारातल्या दिव्याविषयी बोलावयाचे आहे तेथे ‘पदीप’ असा वेगळा शब्द वापरला आहे.

दिव्याचा अर्थही काल-परवाचा नाही. जुन्या चिनी भाषांतरकारांपैकी काहींनी बेट म्हटले, तर काहींनी ज्योत. १८८१ साली रिस डेव्हिड्स यांनी इंग्रजी भाषांतर केले तेव्हा दिवा हाच अर्थ घेतला, आणि तो जगभर रूढ झाला. दिव्याच्या अर्थाने आपल्या समाजातल्या कित्येक मुलामुलींना रात्रीच्या शाळेत अभ्यासाचे बळ दिले आहे. ते बळ खोटे नाही. परंतु मूळ अर्थ कळला तर आपल्या हाती काही जास्तच पडते. दिवा वाट दाखवतो, पण वाऱ्याने विझू शकतो. बेट पायाखालची जमीन देते. गंडक आणि गंगेच्या मधल्या, पुराचे पाणी दरवर्षी पाहणाऱ्या वैशालीच्या लोकांना तो दाखला लगेच समजला असेल. ज्यांना शतकानुशतके उभे राहावयास जमीन मिळाली नाही, त्या आपल्या लोकांना तर तो अधिकच समजावयास हवा.

यासाठी कोणत्याही विहाराची भिंत पुसावी लागणार नाही. अक्षरे तीच राहतील. बदलावयाचे ते फक्त आपले सांगणे.

घरात काय करता येईल?

आपल्या घरातील मुलांना एक वही करून द्यावी. वाचताना सारखे दिसणारे शब्द सापडले की त्यात लिहावेत आणि तीन प्रश्न विचारावेत. या शब्दाचे जुने रूप काय होते? शेजारच्या भाषांत तो कसा आहे? तो आपल्याकडे कोणत्या वाटेने आला? मराठीसाठी मोल्सवर्थचा कोश आणि कृ. पां. कुलकर्णी यांचा ‘मराठी व्युत्पत्तिकोश’ गावच्या वाचनालयात मागावा. पालीसाठी तर खुद्द बाबासाहेबांनी कोश रचला आहे. महाराष्ट्र शासनाने त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या सोळाव्या खंडात तो १९९८ साली छापला. राज्यघटनेचा शिल्पकार एवढ्या धकाधकीत एकेका पाली शब्दाचे इंग्रजी, मराठी, हिंदी आणि गुजराती अर्थ लिहून ठेवत होता, ही गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठी आणि पाली या दोन्ही भाषांना एकाच दिवशी अभिजात भाषेचा दर्जा दिला. आपल्या घरात एक बोलली जाते आणि दुसरीत वंदना होते. तेव्हा दर्जा मिळाल्याचा आनंद मानून थांबू नये. रविवारच्या धम्मवर्गात वंदनेनंतर पंधरा मिनिटे एका शब्दासाठी ठेवावीत. पहिल्या रविवारी ‘जाति’ घ्यावा आणि दुसऱ्या रविवारी ‘दीप’.

माणसाचे कूळ कोणी विचारू नये, शब्दाचे मात्र जरूर विचारावे. माणसाची किंमत त्याच्या कुळाने ठरत नाही. शब्दाचा अर्थ मात्र त्याचे कूळ जाणल्यावाचून पुरता कळत नाही, आणि अर्थ न कळता उच्चारलेला शब्द आपल्याला कोणीही, कोठेही वाहवत नेऊ शकतो.